आरआयआर, न्यू हॅम्पशायर की ब्राउन लेयर? लाल कोंबड्या पिसांवरून कशा ओळखायच्या

मळ्यातली_अंडी (कोरेगाव, सातारा)

नमस्कार सगळ्यांना. पावसाळा संपता संपता आठवडी बाजारात एका गाडीवाल्याकडून लाल तलंगा (अंड्यावर यायच्या कोंबड्या) घेतल्या, ओरिजनल आरआयआर, म्हणजे ऱ्होड आयलंड रेड म्हणून, भाव गावरानपेक्षा जास्त लावला आणि बरोबर दोन कोंबडे दिले. तेव्हा सगळी एकसारखीच तांबूस दिसत होती त्यामुळं शंका यायचं काही कारण नव्हतं. आता सगळ्या अंड्यावर आल्यात, अंडी तपकिरी, चांगली मोठी, त्याबद्दल तक्रार नाही, पण रंगात तीन तऱ्हा झाल्यात. काही एकदम गडद, लांबून बघितलं तर काळपट वाटाव्यात अशा. बऱ्याचशा विटकरी, त्यांची मान अंगापेक्षा उजळ आणि सोनेरीकडं झुकणारी. आणि पाच-सहा अशा आहेत की वरनं लाल दिसतात पण वारा आला की आतली लव पांढरी दिसते, शेपटीतही पांढरं आहे.

आमच्या बचत गटातल्या बायका उबवणीसाठी अंडी मागतायत. त्यांच्याकडं खुडूक गावरान कोंबड्या आहेत, फक्त बी चांगलं पाहिजे म्हणतात. मी आरआयआर म्हणून अंडी दिली आणि एखादीच्या खुराड्यात भलतंच निघालं तर तिचे सहा महिने गेले ना पाण्यात. त्यामुळं अंडी द्यायच्या आधी मला नक्की कळायला हवं की यातली आरआयआर कुठली. नेटवर फोटो बघितले तर प्रत्येक फोटोत वेगळाच लाल. कुणी नीट सांगेल का की पिसं बघताना नेमकं बघायचं कुठं?


अण्णा_फलटण

पाय पिवळे, अंडं तपकिरी, तुरा उभा एकेरी म्हंजे आरआयआर. रंगाचं लै मनावर घेऊ नका ताई, खाण्यावर आणि उन्हावर असतो तो. मका घाला भरपूर, सगळ्या एकसारख्या दिसतील.


डॉ_परसबाग (सांगली)

अण्णा, तुमचा अनुभव मोठा आहे पण इथं जरा थांबवतो तुम्हाला, कारण या तीन खुणांवरच बाजारात सगळं खपवलं जातं. पिवळे पाय, तपकिरी अंडं आणि एकेरी तुरा आरआयआरला असतो, न्यू हॅम्पशायर या दुसऱ्या लाल जातीला असतो आणि कमर्शियल ब्राउन लेयरलाही, म्हणजे तपकिरी अंड्यांसाठी तयार केलेल्या संकरित कोंबडीलाही असतो. त्यातून अंड्यावर आलेल्या कोंबडीचे पाय बघून तर काहीच ठरवू नये. मक्यातला आणि हिरव्या चाऱ्यातला जो पिवळा रंग पायात साठलेला असतो तो अंड्याच्या बलकात जायला लागतो, आधी गुदद्वाराभोवतीचा पिवळेपणा जातो, मग डोळ्याभोवतीचा, मग चोचीचा आणि शेवटी पायांचा. म्हणजे जी कोंबडी सगळ्यात जास्त अंडी देते तिचेच पाय पांढरे पडतात, आणि लोक तिलाच मिक्स समजून बाजूला काढतात.

मळ्यातल्या ताई, आता तुमच्याकडं वळतो. वरवरचा लाल बघू नका, तो फसवतो. रात्री बसल्या जागी एकेक कोंबडी धरा, डालग्याखाली ठेवा आणि सकाळी सावलीत हातात घेऊन चार ठिकाणी बघा.

सगळ्यात आधी शेपटी, कारण निम्म्याहून जास्त प्रश्न तिथंच सुटतो. आरआयआर कोंबडीची शेपटी काळी, नीट चमक असेल तर हिरवट झाक मारणारी. न्यू हॅम्पशायरची शेपटी पण काळीच, पण पिसाच्या कडेनं लाल-बदामी किनार असते. ब्राउन लेयरच्या शेपटीत काळं जवळजवळ नसतंच, त्या जागी पांढरं किंवा साईच्या रंगाचं असतं. मग पंख पूर्ण ताणून उघडा. टोकाकडच्या लांब पिसांत दांडीच्या एका अंगाला लाल आणि दुसऱ्या अंगाला काळं दिसलं पाहिजे, पंख मिटला की हे काळं बरंचसं झाकलं जातं म्हणून उघडल्याशिवाय कळत नाही. यावरून आरआयआर आणि न्यू हॅम्पशायर वेगळ्या काढता येत नाहीत, दोघींत काळं असतं, पण हायब्रीड, म्हणजे ब्राउन लेयर, बाजूला पडते. तिसरी मान. आरआयआरमध्ये मान, पाठ, छाती सगळीकडं लाल बऱ्यापैकी एकसारखा, मानेच्या खालच्या पिसांना झालीच तर थोडी काळी टोकं. न्यू हॅम्पशायरची मान अंगापेक्षा उजळ आणि कोंबडीच्या मानेखाली काळी टोकं चांगली ठळक. तुम्ही विटकरी रंग आणि सोनेरी मान असं लिहिलंय ते वाचूनच मला न्यू हॅम्पशायरच्या रक्ताची शंका आली. चौथं म्हणजे आतली लव. पाठीच्या पिसांवर तोंडानं फुंकर घाला, पिसं फाकतात आणि कातडीजवळची लव दिसते. आरआयआरची लव आतपर्यंत लाल, न्यू हॅम्पशायरची फिकट शेंदरी, ब्राउन लेयरची पांढरी.

आता पांढरं का येतं ते सांगतो म्हणजे लक्षात राहील. ब्राउन लेयर तयार करताना बाप लाल जातीचा, म्हणजे सोनेरी जीनचा घेतात आणि आई चंदेरी जीनची. ही जीन लिंगाच्या गुणसूत्रावर असते आणि कोंबडीकडं तसलं गुणसूत्र एकच असतं, ते तिला बापाकडून येतं. त्यामुळं लेकी सगळ्या बापावर जातात, लाल निघतात, आणि मुलगे आईचं चंदेरी घेऊन पिवळट-पांढरे निघतात. पहिल्याच दिवशी हॅचरीत रंगावरून नर-मादी वेगळी करता येते, सगळा खटाटोप त्याच्यासाठीच. त्याशिवाय पांढऱ्या ओळीतून, म्हणजे पांढऱ्या वंशातून, काळ्याचं पांढरं करणारी आणखी एक जीन येते, ती लाल रंगाला फारसं काही करत नाही, पण काळं पुसून टाकते. म्हणून शेपटी पांढरी. आपल्याकडं बीव्ही ३८० सारख्या ब्राउन लेयर परसात खूप पाळल्या जातात आणि अंड्यासाठी त्या उत्तमच आहेत, आरआयआरपेक्षा जास्त अंडी देतात. फक्त पुढचं बी धरायला त्या नाहीत, पुढच्या पिढीत रंगही फुटतो आणि अंडीही खाली येतात.

यातूनच एक साधी परीक्षा निघते. विकणाऱ्याला विचारायचं, याच घाण्यातले, म्हणजे याच उबवणीतले कोंबडे दाखव. लाल तलंगांचे सख्खे भाऊ पांढरे असतील, किंवा त्याच्याकडं भाऊच नसतील, तर ती आरआयआर नाही. तुमचे दोन कोंबडे कसे आहेत ते लिहा, त्यावरून बरंच कळेल.


मळ्यातली_अंडी (कोरेगाव, सातारा)

डॉक्टर, मनापासून आभार, एवढं सविस्तर आजवर कुणी सांगितलं नव्हतं. काल रात्री धरल्या आणि आज सकाळी गोठ्याच्या सावलीत एकेक बघितली.

पांढऱ्या लवेच्या ज्या होत्या त्यांची शेपटी तुम्ही म्हणता तशीच निघाली. एका पिसाची तर दांडी लालसर, दांडीजवळ बोटभर लाल आणि पुढं सगळं साईसारखं, काळा ठिपकासुद्धा नाही. पंखातही काळ्याच्या जागी मळकट पांढरं. गडद ज्या आहेत त्यांची लव आत कातडीपर्यंत लाल, शेपटी काळी, पंखात लाल-काळं अगदी दांडीवर दुभागलेलं, बघूनच समाधान वाटलं. विटकरीवाल्यांत मात्र गोंधळ आहे, काहींच्या शेपटीला लाल किनार आहे, काहींच्या नाही, मानेखाली काळी टोकं जवळजवळ सगळ्यांना.

कोंबड्यांतला एक गडद, मानेपासून पाठीपर्यंत एकच रंग, शेपटी काळी-हिरवी. दुसरा उजळ, त्याची मान अगदी सोनेरी-केशरी, पाठ तांबडी, शेपटी काळीच. पांढरा कोंबडा गाडीत एकही नव्हता. आणि एक राहिलंच, एक कोंबडी लाल आहे पण तिच्या पाठीच्या प्रत्येक पिसावर बारीक काळी रवाळ नक्षी आहे, छाती फिकट. ती कशात धरायची?


बॉस्टनची_वहिनी

मी माहेरची सातारचीच, आता मॅसॅच्युसेट्सला असते आणि परसात लाल कोंबड्या पाळते, म्हणून लिहिल्याशिवाय राहवेना. या दोन्ही जाती इथल्याच. आरआयआर म्हणजे शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातली, लिटल कॉम्प्टन नावाच्या गावाच्या आसपास शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या अर्ध्यात तयार केली. जहाजावरून आलेले लाल मलाय कोंबडे त्यांनी गावातल्या कोंबड्यांवर सोडले, गडद लाल तिथून आला. म्हणजे मूळ रक्त आपल्या बाजूचं, आशियातलं. त्या गावातल्या ॲडम्सव्हिल भागात या कोंबडीचं दगडी स्मारक आहे, १९२५ चं, आणि १९५४ पासून ती ऱ्होड आयलंडचा राज्यपक्षी आहे. शेतकऱ्यांच्या एका कोंबडीला एवढा मान मिळाला हे मला फार आवडतं.

न्यू हॅम्पशायर ही तिचीच लेक म्हणायला हरकत नाही. वरच्या न्यू हॅम्पशायर राज्यात लोकांनी आरआयआरमधूनच निवड करत करत ती काढली, बाहेरचं रक्त मुद्दाम न घालता. त्यांना लवकर वाढणारी, लवकर पिसं येणारी, अंगानं भरणारी कोंबडी हवी होती, रंगाचं त्यांना फारसं पडलं नव्हतं, म्हणून रंग उजळत गेला. इथल्या अमेरिकन पोल्ट्री असोसिएशननं एकेरी तुऱ्याची आरआयआर १९०४ मध्ये मान्य केली आणि न्यू हॅम्पशायर थेट १९३५ मध्ये. १९४८ च्या चिकन ऑफ टुमारो स्पर्धेत जो पक्षी पहिला आला तो कॉर्निश ही मांसाची जात आणि न्यू हॅम्पशायर यांचा संकर होता, त्यावरून मांसासाठी तिची किंमत कळते. त्यामुळं रंगाबरोबर अंगही बघा. आरआयआर बाजूनं विटेसारखी लांबट चौकोनी, पाठ आडवी सपाट. न्यू हॅम्पशायर जरा आखूड, मागं रुंद आणि भरलेली.

पण ताई, एक गोष्ट सांगते, इथंसुद्धा फीडच्या दुकानात मार्च-एप्रिलला जी पिल्लं आरआयआर म्हणून मिळतात ती बहुतेक वेळा प्रदर्शनातल्या आरआयआरसारखी नसतात. वर्षानुवर्षं अंड्यासाठी निवडलेल्या ओळी, त्यात न्यू हॅम्पशायर मिसळलेली, रंग मध्यम. प्रॉडक्शन रेड म्हणून वेगळं नावच आहे त्यांना. खऱ्या जुन्या ओळीची आरआयआर सावलीत उभी असेल तर चॉकलेटी-काळी वाटते, उन्हात आली की मग आतला लाल पेटतो. तुमच्या विटकरीवाल्या म्हणजे मला तरी प्रॉडक्शन रेडच वाटतात, ना धड ही ना धड ती.

इथं अजून एक लाल जात दिसते, बकाय, ओहायोची. रंग आरआयआरच्या इतका जवळ की मोकळ्या सोडल्या तर पटकन कळत नाही, पण तिचा तुरा बुटका, असीलसारखा, आणि पाठीच्या लवेवर फुंकर मारली की पाटीच्या रंगाचा एक आडवा पट्टा दिसतो. आरआयआरमध्ये असा काळपट पट्टा दिसला तर इथं तो दोष धरतात. तुम्हाला ही जात तिकडं भेटणार नाही बहुतेक, पण लवेला एवढं महत्त्व का देतात ते यावरून कळेल.


लाल_तुरा_नगर

डॉक्टरांनी आणि वहिनींनी सांगितलं ते सगळं पटलं, फक्त वय आणि हंगाम या दोन गोष्टी कुणी काढल्या नाहीत म्हणून लिहितो. तलंग अंड्यावर येईपर्यंत तिची पिसं दोन-तीनदा बदलतात, पिल्लू असताना पंखाच्या पिसांना पांढरी टोकं असली तरी मोठेपणी ती जातात, त्यामुळं तीन महिन्याच्या आत पंखातलं थोडं पांढरं बघून कुणी पिल्लं काढून टाकू नका. पांढरी शेपटी आणि पांढरी लव ही वेगळी गोष्ट, ती जात नाही.

दुसरं ऊन. आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये कोंबड्या दिवसभर मोकळ्या असतात, पाठीचा आणि पंखाच्या वरच्या बाजूचा लाल उडून पितळी होतो, पोटाखालचा तसाच राहतो. तीच कोंबडी पिसं झडून नवी आली की पुन्हा गडद. म्हणून एकाच कोंबडीला उन्हाळ्यात न्यू हॅम्पशायर आणि दिवाळीनंतर आरआयआर म्हणणारे लोक मी बघितलेत. रंग जोखायचा तर नवीन पिसं आल्यावर जोखावा, आणि घाई असेल तर पंखाखालचं, जिथं ऊन लागत नाही तिथलं पीस बघावं.

अण्णांचं म्हणणं पण अगदीच सोडून देऊ नये, उन्हाचं त्यांचं बरोबर आहे. पण मक्यानं पाय आणि बलक पिवळा होतो, पिसाचा लाल मक्यातून येत नाही, तो रक्तातून येतो.

रवाळ नक्षीवाली कोंबडी गावरान क्रॉस आहे ताई. पाठीवर बारीक काळी कणी आणि छाती फिकट हा रानकोंबडीचा मूळ रंग, आपल्या गावरान कोंबड्यांत सर्रास असतो. आरआयआर कोंबडीची पाठ साफ लाल असते, त्यावर कणी नसते. तिला बी धरायच्या कळपात ठेवू नका, पण ती खुडूक बसली तर ठेवून घ्या, आरआयआर क्वचितच खुडूक बसते आणि तुम्हाला उबवायला कुणीतरी लागणारच.

आणि एक माझं मत. नुसता गडद रंग बघून निवड करू नका. प्रदर्शनासाठी रंगाच्या मागं लागलेल्या ओळी अंड्याला मागं पडतात हे जुनं दुखणं आहे. तुमच्या गटातल्या बायकांना अंडी हवीत. काळी शेपटी, लाल लव आणि चांगलं अंडं ज्या कोंबडीत आहे ती ठेवा, मग ती दोन छटा उजळ असली तरी चालेल.


डॉ_परसबाग (सांगली)

नगरच्या भाऊंच्या शेवटच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. मळ्यातल्या ताई, कोंबड्यांचं वर्णन वाचून असं दिसतंय की गाडीवाल्यानं दोन-तीन ठिकाणचा माल एकत्र केलाय. पांढऱ्या शेपटीवाल्या ब्राउन लेयर, त्यांचे भाऊ पांढरे असणार आणि ते त्यानं आणलेच नाहीत. बाकीच्या आरआयआर आणि प्रॉडक्शन रेड.

तुम्ही असं करा. गडद कोंबडा ठेवा, सोनेरी मानेचा वेगळा काढा, विकायला हरकत नाही. गडद कोंबडीच्या सोबत विटकरीतल्या ज्यांच्या शेपटीला किनार नाही आणि लव लाल आहे तेवढ्याच एका खुराड्यात. पांढऱ्या शेपटीवाल्या वेगळ्या, त्यांची अंडी खायला विका. त्या गडद कोंबड्याखाली राहिल्या तर पिल्लं लालच निघतील आणि तुम्हाला वाटेल जमलं, पण काळं पुसणारी जीन त्यांच्यात एक जरी असेल तरी साधारण निम्म्या पिल्लांच्या शेपटीत पुन्हा पांढरं येणार.

पुढं कधी कळप वाढवायचा झाला तर गाडीवर घेऊ नका. पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि संभाजीनगरला आहेत, तुम्हाला पुणे आणि कोल्हापूर दोन्ही जवळ. तिथं आरआयआर आहे का आणि कधी मिळेल ते आधी फोन करून विचारा, पिल्लं कमी आणि मागणी जास्त असते.


मळ्यातली_अंडी (कोरेगाव, सातारा)

आज दुपारीच मधे जाळी मारून घेतली. सोनेरी मानेचा कोंबडा भावाच्या वस्तीवर पाठवला. विटकरीतल्या किनार नसलेल्या चारच निघाल्या, त्या गडदांबरोबर ठेवल्या. गटातल्या बायकांना सांगितलं की शुद्ध शंभर टक्के असं मी म्हणणार नाही, आरआयआर जातीची निवडलेली अंडी म्हणून देते, आणि ज्यांना नकोत त्यांनी थांबावं. एकीनंही नाही म्हटलं नाही.

आता एकच विचारते, वेगळ्या केल्यापासून लगेच उबवणीला अंडी दिली तर चालतील का? आधी दोन्ही कोंबडे एकत्रच होते.


डॉ_परसबाग (सांगली)

लगेच नको. कोंबडीच्या अंगात कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, म्हणजे आज तुम्ही जाळी मारली तरी पुढचे काही दिवस सोनेरी कोंबड्याची पिल्लं निघू शकतात. पूर्ण तीन आठवडे जाऊ द्या, तोवरची अंडी खायला विका. त्यानंतरची अंडी गोळा करायला लागा, टोक खाली करून गार जागी ठेवा आणि आठवड्याच्या आत बसवायला द्या. पिल्लं निघाली की लवेचा रंग लिहून ठेवायला सांगा सगळ्यांना. आरआयआरची पिल्लं गंजट तांबडी असतात, त्यांच्यात पिवळंधमक पिल्लू निघालं तर ते कुठल्या कोंबडीच्या अंड्याचं ते शोधायला सोपं जाईल, म्हणून शक्य असेल तर अंड्यावर पेन्सिलनं खूण करा.


लाल_तुरा_नगर

पेन्सिलनंच करा ताई, स्केचपेन नको, शाई कवचातून आत जाते. आणि पिल्लांच्या पंखाच्या मुळाशी पांढरट ठिपका दिसला तर घाबरू नका, या लाल जातींत तो बऱ्याचदा नराला असतो.